‘झालं’ म्हणजे नेमकं किती झालं? बांधकामाच्या साइटवर आलेली कृत्रिम बुद्धिमत्ता

फोंड्याजवळच्या एका साइटवर दर सोमवारी सकाळी मी मुकादमाला एकच प्रश्न विचारतो, "तिसऱ्या मजल्याचं प्लास्टर कुठवर आलं?" आणि दर सोमवारी एकच उत्तर येतं, "झालं साहेब, थोडं राहिलंय." हे ‘थोडं’ म्हणजे एखादी भिंत असते, कधी अख्खा फ्लॅट असतो, कधी गवंड्यांची गँग शनिवारीच गावाला निघून गेलेली असते. मुकादम खोटं बोलत नाही. त्याच्या लेखी भिंतीवर माल चढला की प्लास्टर झालं. माझ्या लेखी ओळंबा लावून बघितला, कडा सरळ आल्या, पाणी मारून झालं आणि वायरिंगवाल्याच्या ताब्यात भिंत देता आली की झालं. फ्लॅट घेणाऱ्याच्या लेखी रंग लागल्याशिवाय काहीच झालेलं नसतं.

बांधकाम व्यवस्थापकाचं, म्हणजे साइटवर ज्याला प्रोजेक्ट मॅनेजर म्हणतात त्याचं, निम्मं आयुष्य या एका शब्दाचा अर्थ लावण्यात जातं. लांबून बघणाऱ्याला वाटतं की हा माणूस हेल्मेट घालून नुसता हात दाखवत फिरतो. प्रत्यक्षात तो बातम्या गोळा करत असतो. आज किती मजूर आले, सळईचा ट्रक कुठे अडकला, आर्किटेक्टने खिडकी पुन्हा कधी सरकवली, लिफ्टवाला येतो म्हणाला होता तो कुठल्या महिन्यात. त्यावरून उद्याचा निर्णय घ्यायचा. गोम अशी की बातमी त्याच्यापर्यंत पोचते तेव्हा ती शिळी झालेली असते आणि वाटेत प्रत्येकाने तिच्यात चिमूटभर साखर घातलेली असते. गवंडी मुकादमाला सांगतो, मुकादम साइट इंजिनिअरला, इंजिनिअर मला, मी बिल्डरला. खाली सत्तर टक्के असलेलं काम चार तोंडांतून वर जाईपर्यंत नव्वद टक्के होतं. त्यातली शेवटची चिमूट माझी असते, हे मान्य करतो.

कृत्रिम बुद्धिमत्ता, पुढे नुसतं एआय म्हणतो, या धंद्यात काय करते आहे ते समजून घ्यायचं तर इथूनच सुरुवात करायला हवी. विटा रचणाऱ्या रोबोचे व्हिडिओ तुमच्याही मोबाइलवर आले असतील. ते तूर्त बाजूला ठेवा. चिरा (आपला तांबडा जांभा दगड) उचलून, तासून, दर्जा (दगडांमधल्या सांध्यांतला माल) भरणारा रोबो मी अजून पाहिलेला नाही. बदल होतोय तो साइटवरची खरी गोष्ट व्यवस्थापकाच्या कानावर किती लवकर आणि किती बिनसाखरेची येते, यात.

हेल्मेटवरचा कॅमेरा

सगळ्यात ठळक उदाहरण प्रगती मोजण्याचं. एक छोटा, सगळ्या बाजूंनी एकदम चित्रण करणारा कॅमेरा हेल्मेटवर बसवायचा. चांगल्या मोबाइलच्या किमतीत मिळतो. इंजिनिअरने नेहमीसारखी साइटवर फेरी मारायची, वेगळं काही करायचं नाही. तो खाली येऊन चहा घेईपर्यंत व्हिडिओ इंटरनेटवरून वर जातो आणि सॉफ्टवेअर कामाला लागतं.

त्याची पहिली पायरी म्हणजे कुठला फोटो इमारतीत नेमका कुठे उभं राहून काढला ते ओळखणं. काँक्रीटच्या आत जीपीएस धड चालत नाही. म्हणून सॉफ्टवेअर व्हिडिओमधल्या खुणा पकडतं, म्हणजे दाराचा कोपरा, कॉलमची कड, जिन्याची पायरी, आणि त्या खुणा एका चित्रातून दुसऱ्या चित्रात किती सरकल्या त्यावरून माणूस किती चालला, कुठे वळला याचा माग काढतं. तो माग मजल्याच्या नकाशावर बसवला की प्रत्येक फोटोला जागा मिळते. दुसऱ्या पायरीला चित्रात काय दिसतंय ते ओळखायचं. ही नुसती भिंत, ही प्लास्टर झालेली, ही पाइप टाकलेली पण बुजवायची राहिलेली. हे मशिनला कोणी नियम लिहून शिकवत नाही. माणसांनी नावं लावलेले लाखो फोटो त्याला दाखवतात आणि ते आपल्या आतली असंख्य वजनं थोडी थोडी हलवत, चुका कमी करत शिकतं. चित्र ओळखण्याच्या या पद्धतीने २०१२ साली एका मोठ्या स्पर्धेत बाकीच्यांना बरंच मागे टाकलं, तिथून हा सगळा ओघ सुरू झाला. बांधकामासाठी तो वापरणाऱ्या कंपन्या त्यानंतरच्या. अमेरिकेतली ‘ओपनस्पेस’ आणि इस्रायलमधली ‘बिल्डॉट्स’ ही त्यातली माहितीची नावं.

तिसरी पायरी तुलनेची. इमारतीचं त्रिमितीय डिजिटल मॉडेल तयार असेल, ज्याला बिम म्हणतात, तर त्यातल्या प्रत्येक भिंतीला नाव, जाडी आणि ती कधी पुरी व्हायला हवी ती तारीख असते. सॉफ्टवेअर फोटोतली भिंत आणि मॉडेलमधली भिंत शेजारी ठेवतं आणि नकाशा रंगवून देतं. हिरवं म्हणजे झालं, पिवळं म्हणजे चालू, लाल म्हणजे तारीख उलटली.

हे वाचायला साधं वाटतं, पण परिणाम बघा. प्लंबिंगच्या ठेकेदाराने रनिंग बिलात, म्हणजे काम चालू असताना दिलेल्या बिलात, समजा ऐंशी टक्के काम लावलंय. एरवी मी, तो आणि एक टेप अशी तिघांची दुपार जाते आणि शेवटी पंचाहत्तरवर तोडपाणी होते. आता मजल्यागणिक फोटो समोर असतात, तारखेसकट. भांडण संपत नाही (आपला धंदा आहे तो), पण ‘किती’वरून ‘का’वर सरकतं. का राहिलं? शाफ्ट, म्हणजे पाइप वर नेणारी उभी पोकळी, मोकळा मिळाला नाही म्हणून. शाफ्ट का नाही मिळाला? आणि मग गाडी माझ्याकडेच येते.

रेरा, म्हणजे स्थावर मालमत्तेच्या नियमनाच्या कायद्याखाली बिल्डरला दर तीन महिन्यांनी प्रकल्पाची स्थिती वेबसाइटवर टाकावी लागते. ग्राहकांकडून आलेल्या पैशांतले सत्तर टक्के वेगळ्या खात्यात ठेवून, काम जसं पुढे जाईल तसे इंजिनिअर, आर्किटेक्ट आणि सीए यांच्या दाखल्यावर काढावे लागतात. म्हणजे ‘किती झालं’ या आकड्यावर खरे पैसे हलतात. त्या दाखल्याला फोटोंचा आधार असणं ही फ्लॅट बुक केलेल्या माणसाच्या दृष्टीने लहान गोष्ट नाही.

एक फायदा तर असा की त्यात बुद्धिमत्ता फारशी लागतच नाही. प्लास्टरच्या आधीच्या फोटोंत भिंतीतल्या पाइप आणि वायरी दिसतात. पाच वर्षांनी एसी बसवायला आलेला पोरगा ड्रिल कुठे मारू म्हणून विचारतो, तेव्हा या फोटोंची किंमत कळते.

आता गोव्याची अडचण. हे सॉफ्टवेअर ज्या फोटोंवर शिकलंय त्यांत अमेरिका-युरोपातल्या जिप्सम बोर्डाच्या भिंती भरपूर, आपला चिरा जवळपास नाहीच. आम्ही एका बंगल्यावर असं एक सॉफ्टवेअर चाचणीला लावलं होतं. दर्शनी भिंत उघड्या चिऱ्याची ठेवायची होती, दर्जा भरून, वर नुसता पारदर्शक थर. भिंत पुरी होऊन तीन आठवडे झाले तरी नकाशावर ती लालच. सॉफ्टवेअरच्या मते तिचं प्लास्टर राहिलं होतं! गवंड्याला मी तो नकाशा दाखवला. तो म्हणाला, "मशिनाक सांगा, गोंयांत असोच वण्टी आसतात." (वण्टी म्हणजे भिंती.) सांगायची सोय होती, पण त्यासाठी मॉडेलमध्ये त्या भिंतीचा प्रकार बदलावा लागला, आणि मॉडेल बनवणारा माणूस पुण्यात बसलेला.

मॉडेल होतं हीच मुळात चैन. गोव्यातल्या बहुतेक साइटवर मोठ्या कागदावरची ड्रॉइंग्ज असतात, त्यांवर लाल पेनने केलेले बदल, आणि सगळ्यात ताजी आवृत्ती कुणाच्यातरी व्हॉट्सअ‍ॅपवर. तुलना करायला मशिनला दोन गोष्टी लागतात, काय झालंय आणि काय व्हायला हवं होतं. आपल्याकडे घोडं अडतं ते दुसऱ्या ठिकाणी.

वेळापत्रक आणि बसस्टॉपवरचा म्हातारा

वेळापत्रक कसं करतात हे आधी. १९५७ च्या सुमाराला अमेरिकेत ड्यूपाँट या रसायनांच्या कंपनीत ‘क्रिटिकल पाथ’ नावाची पद्धत तयार झाली. सगळी कामं लिहायची, कुठलं काम कुणाच्या आधी ते ठरवायचं, प्रत्येकाला किती दिवस ते मांडायचं, आणि मग त्या जाळ्यातली सगळ्यात लांब साखळी शोधायची. तिच्यातलं एक काम एक दिवस लांबलं की इमारत एक दिवस लांबते. बाकीच्या कामांना थोडी ढील असते. आजही जगभर हेच चालतं आणि पद्धतीत दोष नाही. दोष आहे ‘किती दिवस’ या रकान्यात, कारण तो माणूस भरतो.

डॅनियल कानेमान आणि अमोस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्येच माणसाची ही खोड दाखवून दिली होती. आपण आपल्या कामाचा अंदाज त्या कामाकडे बघून करतो, तसली जुनी कामं किती लांबली होती तिकडे बघतच नाही. ‘आपलं काम वेगळं आहे’ असं प्रत्येकाला वाटतं. बेंट फ्लिव्हबर्ग या डॅनिश अभ्यासकाने जगभरच्या १६ हजारांहून अधिक मोठ्या प्रकल्पांची माहिती गोळा केली, तर वेळ आणि खर्च दोन्ही पाळणारे निघाले ८.५ टक्के. ठरलेला फायदाही पदरात पडला असे, ०.५ टक्के.

मग एआय काय करतं? पणजीच्या बसस्टॉपवर फोंड्याची बस सव्वाआठची असते. बोर्डावर तसं लिहिलेलंही असतं. पण रोज त्याच बाकावर बसणारा एखादा म्हातारा तुम्हाला सांगतो, "आज पाऊस आहे, बाणस्तारीला गाड्या तुंबल्या असतील, साडेआठच्या आत काही येत नाही." त्याच्याकडे वेळापत्रक नाही, हजारो सकाळी आहेत. हजारो-लाखो जुन्या प्रकल्पांची वेळापत्रकं, म्हणजे ठरलेलं काय आणि झालं काय, यांवर शिकलेलं एआय म्हणजे हा म्हातारा. तुम्ही त्याला तुमचं नवं वेळापत्रक दाखवता आणि ते सांगतं की पायाचं काम तुम्ही चाळीस दिवसांत धरलंय, पण अशा जमिनीत, अशा आकाराच्या कामाला ते क्वचितच इतक्यात आटपतं. पंचावन्न दिवसांत होण्याची शक्यता निम्मी, सत्तर दिवस धरलेत तर बरीच जास्त.

उत्तर तारखेत येत नाही, शक्यतेत येतं, आणि इथेच व्यवस्थापकाचं काम बदलतं. बिल्डर म्हणतो, "मला टक्के नकोत, तारीख सांगा." रेराच्या फॉर्मवरही तारीखच लागते. टक्क्यांची भाषा तारखेच्या भाषेत आणताना किती धोका कुणी अंगावर घ्यायचा हे ठरवावं लागतं, आणि ते ठरवणारा अजून तरी माणूसच आहे. पूर्वी हा धोका ‘बघू, होईल’ या शब्दांखाली झाकलेला असायचा. आता तो आकड्यात समोर येऊन बसतो. माझ्या ओळखीच्या काही व्यवस्थापकांना ते मुळीच आवडत नाही.

गोव्यात या सगळ्यावर पावसाची सही लागते. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर. म्हणून इथला प्रत्येक व्यवस्थापक उलटा मोजतो. जूनच्या पहिल्या आठवड्याच्या आत पाया जमिनीबाहेर आला पाहिजे, वरचा स्लॅब झाला असेल तर गच्चीचं वॉटरप्रूफिंग उरकलं पाहिजे. खड्डा खणून ठेवला आणि पाऊस आला तर तो खड्डा नाही, तळं. २०२५ साली मॉन्सून २४ मे रोजीच केरळात पोचला आणि मे संपायच्या आत कोकणपट्टी भिजली. ‘जूनपर्यंत वेळ आहे’ म्हणणाऱ्यांचे पंप रात्रंदिवस चालू होते, त्यांत मीही एक.

हवामानाच्या अंदाजातही एआय शिरलंय, आणि तिथे ते बांधकामापेक्षा बरंच पुढे आहे. त्याच वर्षी केंद्राच्या कृषी खात्याने एआयच्या आधारे काढलेला मॉन्सूनच्या आगमनाचा अंदाज १३ राज्यांतल्या सुमारे ३.८ कोटी शेतकऱ्यांना मोबाइलवर पाठवला. शेतकऱ्याचा प्रश्न ‘पेरू कधी’, माझा ‘खणू कधी’, जात एकच. पावसाचा चांगला अंदाज आणि कामांची साखळी एकत्र बांधली की सॉफ्टवेअर पर्यायही मांडून दाखवतं. सेंट्रिंगचा, म्हणजे ओलं काँक्रीट पेलणाऱ्या फळ्या-टेकूंचा, आणखी एक संच भाड्याने आणला तर काय, मागच्या विंगचा पाया आधी घेतला तर काय. माणूस अशी दोन-तीन गणितं करून कंटाळतो, मशिन हजारो करतं.

पण त्या मशिनला चवथ माहीत नसते. गणपतीच्या दिवसांत इथला सुतार, प्लंबर, पेंटर तुम्ही दुप्पट पैसे दिले तरी येत नाही, आणि येऊही नये. होळीला, छठला बिहार-झारखंडच्या गँग जातात. परत कधी येतील ते त्यांच्या गावच्या शेतीवर आणि निवडणुकीवर. हे शिकवायचं तर आपल्याच साइटची मागच्या दहा वर्षांची हजेरी मशिनला द्यावी लागेल. ती हजेरी आहे, पण वह्यांमध्ये. आणि त्या वह्यांमध्ये दोन-चार नावं अशीही आहेत की जी कधी साइटवर आलीच नव्हती. ते वेगळंच प्रकरण.

काँक्रीटला अठ्ठावीस दिवस लागतात

स्लॅब भरताना त्याच काँक्रीटचे १५० मिलिमीटरचे ठोकळे भरून ठेवतात. काही सातव्या दिवशी फोडून बघतात, काही अठ्ठाविसाव्या. खरा निकाल अठ्ठाविसाव्या दिवसाचा. तोवर जोरात चाललेल्या साइटवर वरचे दोन स्लॅब पडलेले असतात. म्हणजे खालचं काँक्रीट कमी भरलं हे कळतं तेव्हा त्याच्या डोक्यावर दोन मजले उभे. ही परीक्षा अशी की निकाल लागायच्या आत विद्यार्थी पुढच्या दोन इयत्ता शिकून बसलेला.

म्हणून घटकांवरून ताकदीचा आधीच अंदाज बांधायचा प्रयत्न जुना आहे. तैवानच्या आय-चेंग येह यांनी १९९८ मध्येच सिमेंट, स्लॅग, फ्लाय अ‍ॅश, पाणी, रसायन, खडी, वाळू आणि वय या आठ गोष्टी देऊन काँक्रीटची ताकद सांगणारं न्यूरल नेटवर्क केलं होतं. त्यांनी जमवलेल्या १,०३० नमुन्यांच्या तक्त्यावर जगभरचे विद्यार्थी आजही मशिन लर्निंग शिकतात. एआय म्हणजे कालपरवाचं काहीतरी असं समजणाऱ्यांना मी हे मुद्दाम सांगतो.

आता त्याला सेन्सरची जोड मिळाली आहे. स्लॅबमध्ये सळईला बांधून छोटा तापमापक सोडतात. काँक्रीट घट्ट होताना गरम होतं, आणि किती काळ किती गरम राहिलं त्यावरून त्याने किती ताकद धरली याचा अंदाज निघतो. हा अंदाज मोबाइलवर तासातासाला बघता येतो. फायदा सेंट्रिंग काढण्यात. आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे साध्या सिमेंटला साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याच्या (दोन आधारांमधल्या अंतराच्या) स्लॅबचे टेकू सात दिवसांनी, त्याहून मोठ्याचे चौदा दिवसांनी काढता येतात. मिश्र सिमेंट असेल तर जपून. या दिवसांमागे सबब असते की स्लॅबच्या पोटात काय चाललंय ते आपल्याला दिसत नाही. ते दिसायला लागलं की निर्णय तारखेऐवजी ताकदीवर घेता येतो.

मात्र इथे मी ठाम आहे. अंदाज कितीही चांगला आला तरी ठोकळे फोडायचे. नदीची रेती मिळेनाशी झाल्यावर गोव्यात दगड फोडून केलेली वाळू सर्रास आली. तिची बारीक भुकटी खाणीगणिक बदलते, आणि ती बदलली की पाण्याचं गणित बदलतं. मागच्या खाणीच्या वाळूवर शिकलेला अंदाज या खाणीच्या वाळूला लागू पडेलच असं नाही, आणि मशिन ते स्वतःहून सांगत नाही. ते त्याच आत्मविश्वासाने आकडा देतं.

कॅमेऱ्याखालचा माणूस

सुरक्षेचे कॅमेरे सगळ्यात सहज विकले जातात, कारण बघणाऱ्याला लगेच पटतात. हेल्मेट घातलंय की नाही, अंगात जाकीट आहे की नाही, स्लॅबच्या कडेला पट्ट्याशिवाय कोण उभा आहे, हे कॅमेरा ओळखतो आणि मोबाइल वाजतो. पहिला आठवडा सगळे धावतात. दुसऱ्या आठवड्यात मोबाइल दिवसाला शंभरदा वाजलेला असतो आणि इंजिनिअर त्याला गप्प करतो. मे महिन्याच्या दुपारी हेल्मेट काढून डोकं पुसणारा माणूस आणि कडेवरून वाकलेला माणूस, दोघांना एकच घंटा. व्यवस्थापकाने यातल्या कुठल्या घंटेला उठायचं ते आधी ठरवलं नसेल तर कॅमेरा नुसता भिंतीवरचा देव.

दुसरी गोष्ट कमी बोलली जाते. तोच कॅमेरा गवंडी किती वेळ बसला, बिडी किती वेळा ओढली हेही मोजू शकतो, आणि चेहऱ्यावरून हजेरी घेणारी मशिनं तर आलीच आहेत. खोट्या हजेरीला त्यांनी चाप बसतो हे खरं. पण विजापूरहून किंवा ओडिशातून आलेल्या माणसाला आपला चेहरा कुठे साठवला जातो हे कुणी समजावून सांगत नाही, अंगठ्यासारखं पुढे करायला लावतात. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षणाच्या कायद्यात कामगारही येतो, याची साइटवर कुणाला फारशी खबर नसते. माझं मत विचाराल तर कॅमेरा कडेवर असावा, बिडीवर नसावा.

काणकोणला ४ जानेवारी २०१४ रोजी बांधकाम चालू असलेली इमारत कोसळली आणि आत काम करणारे तीसच्या आसपास मजूर गेले. त्यानंतर कितीतरी दिवस इथल्या साइटवर बोलणं हळू झालं होतं. हेल्मेट मोजणारा कॅमेरा तसल्या दुर्घटनेत काय करणार? इमारत उभी राहते ती ड्रॉइंग, माल, आणि प्रत्येक टप्प्यावर ‘पुढे जा’ म्हणून सही करणाऱ्या माणसांवर. सही एआयची चालत नाही.

कागद

पत्रव्यवहारात मात्र एआयने माझा दिवस खरोखर हलका केला. साइट इंजिनिअर फेरी मारताना मोबाइलवर बोलतो, अर्धं मराठी, अर्धं कोंकणी, मध्ये हिंदी, आणि संध्याकाळी त्याचा नीट रोजचा अहवाल तयार होतो. मीटिंगचे मुद्दे, ठेकेदाराला उशिराची नोटीस, दोनशे पानी करारात दंडाचं कलम कुठे आहे ते शोधणं, सुरक्षेच्या सूचना कन्नड किंवा ओडियात करणं, ही सगळी तासांची कामं मिनिटांवर आली.

फक्त एक सवय लावून घ्यावी लागली. ही भाषेची मॉडेलं पुढचा शब्द कुठला शोभेल ते सांगण्यात पटाईत असतात, खरं काय ते तपासण्यात नाही. एकदा सेंट्रिंगच्या दिवसांविषयी पत्र करायला सांगितलं, तर दिवस बरोबर आणि कलमाचा नंबर साफ चुकीचा. तो पण असा ऐटीत लिहिलेला की समोरच्या कन्सल्टंटलाही खरा वाटावा. सुदैवाने पत्र जायच्या आधी लक्षात आलं.

आणि एक गोष्ट आपल्यावरच उलटणारी. ‘मला कुणी कळवलंच नाही’ ही व्यवस्थापकाची जुनी ढाल होती. आता शाफ्टची गळती सॉफ्टवेअरने कुठल्या तारखेला दाखवली, मी तो मेसेज किती वाजता उघडला, हे सगळं नोंदलेलं असतं. उद्या वाद लवादापुढे गेला तर ती नोंद माझ्याच विरुद्ध उभी राहील.

पोरगा शिकणार कुठे

मला खरी काळजी वेगळीच आहे. आमच्या वेळी फर्मागुडीच्या इंजिनिअरिंग कॉलेजातून बाहेर पडलेल्या पोराला पहिलं वर्षभर सळया मोजायला लावत. कंटाळवाणं काम. पण मोजता मोजता त्याच्या डोळ्यात बसायचं की कॉलमच्या रिंगा कुठे दाट हव्यात, कव्हरचे ठोकळे कुठे निसटतात, कुठला फिटर हूक वाकवायचा कंटाळा करतो. आता फोटो काढला की सळया मशिन मोजतं, आणि बहुतेकदा बरोबर मोजतं. पोरगा पहिल्याच महिन्यात स्क्रीनसमोर बसून रंगीत नकाशे बघतो. मोजणी वाचली, पण मोजणीच्या निमित्ताने होणारं शिक्षणही वाचलं. दहा वर्षांनी हा पोरगा माझ्या खुर्चीत बसेल आणि मशिन म्हणेल ‘झालं’, तेव्हा त्याला शंका यायला काहीतरी पोटात असायला हवं ना?

म्हणून मी एक नियम केलाय. नव्या पोराने आठवड्यातले दोन दिवस मोबाइल न बघता फेरी मारायची, खिशात वही आणि हातात छोटी हातोडी.

मागच्या महिन्यात त्यातला एक मला बोलवायला आला. तिसरा मजला, पूर्वेकडचा फ्लॅट, बेडरूमची भिंत. नकाशावर हिरवी, शंभर टक्के. दिसायलाही सुरेख, धार लावल्यासारख्या कडा. त्याने हातोडीचा दांडा भिंतीवरून टकटक करत नेला. वर छान वाजत होतं. कंबरेच्या खाली एका ठिकाणी आवाज बदलला, बद्द. पुन्हा मारलं, पुन्हा बद्द. परातभर जागेतलं प्लास्टर चिऱ्याला धरलंच नव्हतं, आत पोकळ. मुकादमाला बोलावलं. त्याने स्वतः ठोकून बघितलं, मान हलवली आणि गवंड्याला हाक मारली.

पोराने मोबाइल काढून ती भिंत हिरव्यावरून पिवळी करायचा प्रयत्न केला. काम पुढे नेण्याचं बटण होतं, मागे आणण्याचं सापडेना. दहा मिनिटं झटापट करून त्याने मोबाइल खिशात टाकला, मुकादमाकडून खडू घेतला आणि भिंतीवरच मोठी फुली मारली.